संत फ्रान्सिस दि सेल्स : तापट स्वभावाचे सौम्य संत



येत्या २४ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस दि सेल्स ह्यांचा सण साजरा करते. पत्रकार आणि लेखकांचे आश्रयदाते म्हणून आपण त्यांना ओळखतो. डॉन बॉस्को ह्यांनी १८५९ साली आपला संघ स्थापन केला, तेव्हा त्याला ह्याच संताचे नाव दिले, म्हणून तर डॉन बॉस्कोच्या फादरांना आपण सलेशियन म्हणतो. नागपूर धर्मप्रांताचे कॅथेड्रलही ह्याच संताच्या नावाने उभे आहे. पण नाव परिचयाचे असले, तरी माणूस परिचयाचा असतोच असे नाही.

आज पुस्तकांच्या दुकानात गेले, की व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांची रास दिसते. राग कसा आवरावा, चिंता कशी सोडावी, मन शांत कसे ठेवावे! त्यासाठी शिबिरे भरतात, पैसे भरून लोक जातात आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हाला वाटत नाही. मात्र चारशे वर्षांपूर्वी एका बिशपांनी हाच विषय हाती घेतला होता, आणि तोही मठातल्या लोकांसाठी नव्हे, तर तुमच्या-आमच्यासारख्या प्रापंचिकांसाठी. मानसशास्त्र ही ज्ञानशाखा तेव्हा जन्मालाही आली नव्हती. त्यांनी अभ्यासले ते मुख्यत्वे स्वतःचे मन, आणि ते मन काही सोपे नव्हते.

फ्रान्सिस ह्यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय प्रांतातील थोरेन्स येथे सेल्सच्या गढीत झाला. हा प्रदेश आज फ्रान्समध्ये आल्प्स पर्वताच्या कुशीत आहे. घराणे सरदाराचे, फ्रान्सिस थोरला मुलगा. मुलाने वकील व्हावे, सिनेटवर जावे, चांगल्या घरातील मुलीशी लग्न करावे असा वडिलांचा बेत. त्यासाठी त्यांनी मुलाला शिकायला पॅरिसला पाठवले. तेथे येशू संघाच्या क्लेर्मों कॉलेजात फ्रान्सिस ह्यांनी साहित्य आणि तत्त्वज्ञान ह्यांचा अभ्यास केला. घोडेस्वारी, तलवारबाजी आणि नृत्यही ते शिकले, कारण सरदाराच्या मुलाला ते आलेच पाहिजे!

ह्याच पॅरिसमध्ये १५८६ च्या डिसेंबरात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. बाहेरून काहीच घडले नव्हते. ना कोणी वारले, ना परीक्षा बुडाली. त्या काळी विद्यापीठात एका प्रश्नावर जोरदार वाद चालत असत : कोणाचे तारण होणार आणि कोणाचा नाश होणार, हे परमेश्वराने आधीच ठरवून ठेवले आहे काय? इतरांसाठी तो वादाचा विषय होता. फ्रान्सिस ह्यांच्या मात्र तो काळजात घुसला. आपले नाव नाश होणाऱ्यांच्या यादीत आहे, आपण कितीही प्रार्थना केली तरी आपली जागा नरकातच, असे त्यांना वाटू लागले. झोप उडाली, अन्न जाईना, अंग पिवळे पडले. सुमारे सहा आठवडे हा मुलगा असा तळमळत राहिला.

ज्या घरात असे दिवस कोणी काढले असतील, त्यांना हे ओळखीचे वाटेल. अशा माणसाला आपण काय सांगतो? उगाच विचार करू नकोस, प्रार्थना कर, सगळे ठीक होईल. पण फ्रान्सिस प्रार्थना करीत नव्हते असे थोडेच होते! प्रार्थनाच त्यांना जाळीत होती.

अखेर जानेवारी १५८७ मध्ये एके दिवशी ते सेंट एतियन दे ग्रे ह्या चर्चमध्ये शिरले आणि मरियामातेच्या काळ्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसले. तेथे त्यांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर मागणे सोडून दिले. मेल्यानंतर माझे काय व्हायचे ते होवो, पण हयात आहे तोवर तरी तुझ्यावर प्रेम करीन, असा निश्चय त्यांनी परमेश्वरापुढे केला. मग जवळच्या एका पाटीवरची मरियामातेची प्रार्थना म्हटली. उठले तेव्हा मनावरचे मळभ दूर झालेले होते. वाद सुटला नव्हता. त्या वादातून त्यांनी स्वतःचा पाय सोडवून घेतला होता. पुढे आयुष्यभर घाबरलेल्या, खचलेल्या माणसांना त्यांनी ज्या जिव्हाळ्याने पत्रे लिहिली, त्याचे मूळ आम्हाला ह्या सहा आठवड्यांत दिसते.

पुढची वर्षे थोडक्यात सांगतो. पादुआ येथे कायद्याचे शिक्षण घेऊन १५९१ साली ते डॉक्टर झाले. तेथेच एकदा मरणाच्या दारी पोहोचले असता, आपला देह वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी द्यावा असे त्यांनी सांगून ठेवल्याचे चरित्रकार लिहितात. सिनेटचे पद आणि ठरलेले लग्न दोन्ही नाकारून १८ डिसेंबर १५९३ रोजी त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. वडील नाराज झाले. १५९४ साली ते चुलतभाऊ लुई ह्यांच्यासोबत शाब्ले ह्या प्रॉटेस्टंट झालेल्या मुलुखात गेले. थोनों गावात त्यांचे प्रवचन ऐकायला कोणी येईना. तेव्हा ते आपले विचार कागदावर लिहून त्याच्या प्रती लोकांच्या दारांच्या फटीतून आत सरकवू लागले. पत्रकारांचे आश्रयदाते हे पद त्यांना १९२३ साली पोप पायस अकरावे ह्यांनी दिले, त्यामागे हीच पत्रके आहेत. चारेक वर्षांत तो बहुतेक मुलूख कॅथलिक श्रद्धेकडे परतला. फ्रान्सिस ह्यांची चिकाटी आणि सौम्यता ह्यांचा त्यात मोठा वाटा होता, तसाच सॅव्हॉयच्या ड्यूकच्या राजसत्तेचा दबावही होता, हे लपवण्याचे कारण नाही. १६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले. पण जिनिव्हा शहर कॅल्विनपंथीयांच्या हाती असल्यामुळे त्यांनी संसार मांडला तो आन्सी ह्या लहानशा गावात.

आता मुख्य गोष्टीकडे वळू या. फ्रान्सिस ह्यांचा स्वभाव जन्मतः तापट होता. त्यांच्या सौम्यतेची कीर्ती ऐकून अनेकांना वाटे, की हा मनुष्य शांतच जन्माला आला असावा. जवळच्या माणसांना खरे काय ते ठाऊक होते. एकदा कोणी तोंडावर अपमान केला, तरी ते गप्प राहिले. का, असे विचारले असता त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा, की वीसेक वर्षे थेंब थेंब साठवलेली सौम्यता पाव तासात सांडून टाकायला मन धजले नाही. म्हणजे ही शांती वारशाने मिळालेली नव्हती, ती कमावलेली होती.

ही कमाई कशी करायची, ते त्यांनी लिहून ठेवले आहे. मादाम दि शारम्वासी नावाची त्यांच्या नात्यातली एक विवाहित स्त्री होती. तिला मुले होती, घर होते, राजदरबारात ऊठबस होती. एवढ्या व्यापात आध्यात्मिक जीवन कसे जगावे, हा तिचा प्रश्न. तिला लिहून दिलेल्या टिपणांतून १६०९ साली भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक तयार झाले. त्यात ते वाचकाला फिलोथिया, म्हणजे परमेश्वरावर प्रेम करणारी, ह्या नावाने हाक मारतात. त्यांचे म्हणणे साधे आहे. बिशपने संन्याशासारखे एकांतात बसू नये, कारागिराने दिवसभर चर्चमध्ये बसून राहू नये आणि बायकामुले असलेल्याने पैशांची फिकीर सोडू नये. ज्याची भक्ती त्याच्या कामाच्या आड येते, त्याची भक्तीच कोठेतरी चुकते आहे. त्या काळी हे धाडसाचे होते. पावित्र्य हे फादर-सिस्टरांचे काम, आपण आपले रविवारी मिस्सेला जावे, असे आपल्यापैकी किती जण आजही मनातून मानतात!

रागाविषयी ते काय सांगतात? राग आत आला की मग त्याला शिस्त लावू, असे म्हणू नका, त्याला दारातच अडवा. साप डोके शिरेल तेवढी फट मिळाली, की सबंध अंग आत ओढून घेतो, तसेच रागाचे आहे. मन शांत असेल तेव्हाच सौम्यतेचा साठा करून ठेवा, म्हणजे लहानसहान गोष्टीही गोड शब्दांत बोलण्याची सवय लावा. आणि एवढे करूनही राग आलाच, तर ज्याच्यावर रागावलात त्याच्याशी लगेच मायेने वागून तो भरून काढा, कारण ताजी जखम लवकर भरते.

सकाळच्या प्रार्थनेची त्यांनी सांगितलेली रीत आम्हाला विशेष आवडते. दिवस कसा जाणार ते आधी डोळ्यांसमोर आणायचे. आज कोणाची गाठ पडणार? कोणत्या ठिकाणी आपला तोल जाण्याची शक्यता आहे? तापट माणसाशी काम असेल, तर त्याच्याशी बोलायचे मऊ शब्द सकाळीच ठरवून ठेवायचे. आजाऱ्याला भेटायचे असेल, तर वेळ ठरवायची आणि त्याच्यासाठी काय न्यायचे तेही ठरवायचे. चांगला होईन असा मोघम निश्चय त्यांना पुरेसा वाटत नसे. अमुक प्रसंग आला तर मी अमुक करीन, असे आधीच ठरवणाऱ्या माणसाचे संकल्प अधिक टिकतात, हे आजचे मानसशास्त्रज्ञही सांगतात. आपल्या रात्रीच्या आत्मपरीक्षणाला ही सकाळची जोड दिली, तर रात्री चुका मोजण्याचे काम थोडे हलके होईल.

पण त्यांची खरी सूक्ष्म दृष्टी दिसते ती ह्याच्या पुढच्या प्रकरणात. काही माणसे रागावतात आणि मग आपण रागावलो म्हणून स्वतःवर रागावतात. चिडलो म्हणून पुन्हा चिडतात. फ्रान्सिस म्हणतात, की हा दुसरा राग पश्चात्ताप नव्हे, तो अहंकार आहे. आपण एवढे अपूर्ण कसे, हे पाहून आपल्या स्वप्रेमाला धक्का बसलेला असतो!

हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही चपापलो. मुलाच्या अभ्यासावरून आवाज चढवायचा, मग रात्री अंथरुणावर पडून स्वतःला दूषणे देत बसायचे आणि सकाळी त्याच कुरबुरीत उठून पुन्हा मुलावर ओरडायचे, हा क्रम आमच्या अंगवळणी पडला होता. स्वतःला दूषणे देणे म्हणजे आपण फार प्रामाणिक आहोत, अशी समजूत होती. त्या दूषणांनी मुलाचे काहीच भले होत नव्हते, हे ध्यानात यायला वेळ लागला.

फ्रान्सिस ह्यांनी आणखी एक खोच दाखवून दिली आहे. आपण सगळ्याच दोषांवर सारखे चिडत नाही. ज्याला आपल्या शुद्ध आचरणाचा अभिमान आहे, तो त्याबाबतीत किंचित चूक झाली, तरी कासावीस होतो. तोच मनुष्य दुसऱ्याची निंदानालस्ती मात्र हसत हसत करतो. आपली सदसद्विवेकबुद्धी खरोखर जागी आहे, की ती फक्त आपल्या आवडत्या सद्गुणाची राखण करते आहे?

मग चूक झाल्यावर करायचे काय? रागाने लालबुंद झालेल्या बापापेक्षा शांतपणे समजावणाऱ्या बापाचे मूल अधिक ऐकते. तसेच आपल्या मनालाही समजवावे, असे ते सांगतात. अरेरे, आपण पुन्हा त्याच खड्ड्यात पडलो, चल ऊठ, परमेश्वराची दया माग आणि पुन्हा चालू लाग, एवढेच. येथे एक गैरसमज होऊ शकतो. ही स्वतःला दिलेली सूट आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. त्यांनी पापाला पापच म्हटले आणि प्रायश्चित्त संस्कारात त्याचे निवेदनही सांगितले. त्यांना नको होती ती आदळआपट, कारण आदळआपट करणारा थकतो आणि थकलेला उठत नाही. अमेरिकेतील क्रिस्टिन नेफ ह्यांनी २००३ पासून स्वतःविषयीच्या करुणेचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यांची भाषा वेगळी आहे आणि वाटही वेगळी आहे, पण ह्या वळणावर दोघांची गाठ पडते.

चिंतेविषयीही असेच. जाळ्यात सापडलेला पक्षी सुटण्यासाठी फडफडतो आणि अधिकच गुरफटतो, हा त्यांचा दाखला आहे. मन बेचैन असताना काहीही ठरवण्यापूर्वी आधी मन शांत करावे, आणि ते होत नसेल तर आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाला किंवा विश्वासू मित्राला मनातले सांगून टाकावे, असे ते लिहितात. सहा आठवडे पॅरिसमध्ये फडफडलेल्या माणसाने ते लिहिले आहे, हे विसरू नये.

म्हणून भावना मारून टाकाव्यात असे मात्र त्यांनी कधी मानले नाही. ग्रीक आणि रोमन तत्त्वज्ञ त्यांनी वाचले होते. एपिक्टेटस ह्या गुलाम म्हणून जगलेल्या तत्त्वज्ञाविषयी त्यांना फार आदर होता. पण ज्ञानी माणसाला भय, दुःख शिवतच नाही, हा स्टोइक पंथाचा दावा त्यांना पटला नाही. परमेश्वरी प्रेमावरील आपल्या १६१६ सालच्या ग्रंथात त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली आहे. त्यातला स्टोइक तत्त्वज्ञ समुद्रात वादळ उठताच भीतीने पांढराफटक पडतो! ह्यावर हसण्याचा अधिकार फ्रान्सिस ह्यांना होता. १६१० साली त्यांची आई वारली, तेव्हा त्यांनी तिला अखेरचा आशीर्वाद दिला, तिचे डोळे मिटले, आणि मग त्यांना रडू आवरेना. आपण रडलो हे त्यांनी पत्रात मोकळेपणाने लिहिले. बिशप असून रडलो, अशी खंत त्यात नाही.

ते पत्र ज्यांना लिहिले, त्या बाईंविषयी सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. १६०४ च्या प्रायश्चित्तकाळात फ्रान्सिस दिजों शहरात प्रवचने द्यायला गेले होते. समोरच्या रांगेत काळ्या वेषातील एक तरुण विधवा बसलेली असे. त्याच पुढे संत जेन फ्रान्सिस दि शांताल झाल्या. १६०१ साली शिकारीच्या वेळी एका नातलगाच्या हातून चुकून गोळी सुटली आणि जेनचे पती गेले. मरण्यापूर्वी पतीने त्या माणसाला क्षमा केली होती. जेनला ते जमेना. पदरात चार मुले, राहणे सासऱ्याच्या घरी, आणि त्या घरात सगळी सत्ता एका मुजोर दासीची. क्षमा करायला हवी हे तिला कळत होते आणि त्या माणसाचे नाव काढले तरी तिचे अंग थरथरत होते.

फ्रान्सिस ह्यांनी तिला काय सांगितले? जा आणि आजच्या आज क्षमा करून ये, असे नाही. त्या माणसाची भेट मुद्दाम घडवून आणण्याची गरज नाही, असे त्यांनी कळवले. पण तो भेटायला आलाच, तर तुझे मन मृदू असावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मन उसळेल, रक्त तापेल, हे त्यांनी धरूनच ठेवले होते. क्षमा ही इच्छेची गोष्ट आहे आणि भावना तिच्या मागून सावकाश चालत येते, हे त्यांना ठाऊक होते. जेनने वेळ घेतला. पहिल्या भेटीत तिला फार जड गेले. पुढे मात्र त्याच माणसाच्या बाळाची ती गॉडमदर झाली. ज्यांच्या घरात जमिनीवरून किंवा मृत्यूवरून वर्षानुवर्षे बोलणे बंद आहे, त्यांनी ह्या टप्प्यांकडे जरूर पाहावे. तिला एकदम शेवटच्या पायरीवर उभे राहायला कोणी सांगितले नव्हते.

६ जून १६१० रोजी ह्या दोघांनी आन्सी येथे व्हिजिटेशन धर्मभगिनींचा संघ सुरू केला. प्रकृती नाजूक असलेल्या, वय झालेल्या स्त्रियांनाही तेथे प्रवेश होता, कारण फ्रान्सिस ह्यांना देहाच्या कठोर तपापेक्षा मनाची मृदुता अधिक मोलाची वाटे. ह्याच काळात मार्टिन नावाचा एक मूकबधिर तरुण त्यांच्या घरी राही. फ्रान्सिस ह्यांनी त्याला खुणांच्या भाषेत धर्मशिक्षण दिले आणि ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले. मूकबधिरांचे आश्रयदाते म्हणूनही आज त्यांना मान आहे.

डिसेंबर १६२२ मध्ये ते लियोन शहरी गेले होते. राजघराण्यातील मंडळी तेथे जमली होती आणि बिशपांसाठी चांगल्या हवेल्या सिद्ध होत्या. त्यांनी मात्र व्हिजिटेशन मठाच्या माळ्याची खोली पसंत केली. २७ तारखेला त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हाच्या वैद्यांनी रीतीप्रमाणे तापलेल्या लोखंडाने डोक्याला डागण्या दिल्या. त्यांनी त्या सोसल्या. २८ डिसेंबर रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नंतर देह तपासला असता पित्ताशयात पुष्कळ खडे आढळले. आयुष्यभर गिळलेल्या रागाचे हे खडे झाले, असे तेव्हाच्या भाविकांनी मानले. आजचे डॉक्टर हे मान्य करणार नाहीत आणि आम्हीही तसा आग्रह धरत नाही. मात्र त्यांच्या रागाविषयी लोकांना किती नीट माहिती होती, ते ह्या कथेवरून कळते.

१६६५ साली त्यांना संतपद देण्यात आले आणि १८७७ साली पोप पायस नववे ह्यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. त्यांच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली त्या दिवशी, २८ डिसेंबर २०२२ रोजी, पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्याविषयी एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले.

जेन त्यांच्या मागे एकोणीस वर्षे जगल्या. फ्रान्सिस ह्यांना त्यांनी वर्षानुवर्षे लिहिलेली पत्रे त्यांनी जपून ठेवली होती. निधनानंतर ती जेनच्या हाती परत आली, तेव्हा त्यांनी त्यांतील बहुतेक जाळून टाकली. फ्रान्सिस ह्यांची उत्तरे मात्र त्यांनी गोळा करून छापण्यासाठी दिली. त्यामुळे आज आपल्याजवळ उत्तरे आहेत, आणि प्रश्न काय असतील ते ज्याचे त्याने आपल्या घरात पाहून ओळखायचे आहे.